बागबाजार ते काटवा: एक सायकलवर, एक लोकलमध्ये

एका दिवसात दीडशे किलोमीटर सायकल चालवणे हे एकट्याचे काम दिसते, कारण पेडल एकाच्याच पायाखाली असते. पण घरचे माणूस सोबतीला असेल तर त्या दिवसाचे निम्मे काम रस्त्याबाहेर होते आणि ते बहुधा कुणी लिहून ठेवत नाही. उत्तर कोलकात्यातील बागबाजारहून पूर्व बर्धमान जिल्ह्यातील काटव्यापर्यंतची वाट हे अशा दिवसाचे चांगले उदाहरण आहे. पुढील वर्णनात बायको सायकलवर आहे आणि नवरा लोकलगाडीत. उलट केले तरी काम तेच राहते, कौतुकाची वाटणी तेवढी बदलते. नवऱ्याने बायकोची पिशवी सांभाळत स्टेशनावर दोन तास काढले की त्याची वाहवा होते. बायकोने काढले तर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मराठी माणसाला या वाटेचे आकर्षण वाटण्याला तसेच कारण आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालात उतरले आणि त्यांनी काटव्याला तळ दिला. कलकत्त्याच्या रहिवाशांनी धास्ती घेऊन शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याची सुरुवात उत्तरेला, बागबाजाराकडून झाली. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले, मराठे काही आले नाहीत आणि काम थांबले. १७९९ मध्ये खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली मात्र अजून आहे. तिथून निघून काटव्याला जाणे म्हणजे जे मराठे इथवर पोचलेच नाहीत, त्यांच्या तळावर आपण होऊन जाणे.

बंगालीत या स्वारांना बर्गी म्हणतात. मूळ शब्द आपला बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावर लढणारा. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. या हिशोबाने स्वतःच्या सायकलवर निघालेली बाई शिलेदार ठरते आणि भाड्याच्या सायकलवर निघाली असती तर खरी बर्गी ठरली असती. फौजेमागे चालणाऱ्या बिनलढाऊ लोकांना मराठीत बुणगे म्हणत आणि पानिपतापासून त्या शब्दाला जी नाचक्की चिकटली ती सुटलेली नाही. लोकलने पुढे जाऊन थांबणाऱ्या नवऱ्याला नातेवाईक थट्टेने हेच म्हणू शकतात. पण दाणावैरण कुणी वाहिली हा प्रश्न सायकललाही लागू पडतो.

सोबतीच्या दोन पद्धती आहेत. पहिली मागोमाग मोटार ठेवण्याची. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या, सुमारे ४८०० किलोमीटरच्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत मोटार आणि तिच्यातली माणसे यांच्याशिवाय भागतच नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ती दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१९ मध्ये नवी मुंबईच्या कबीर राचुरेने ती एकट्याने पूर्ण केली, तेव्हा त्याच्या चमूची प्रमुख त्याची बहीण सपना होती. दुसरी पद्धत फ्रान्समधून आलेल्या ब्रेव्हे फेऱ्यांची. त्यांत दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस तास अशी मुदत असते आणि बाहेरची मदत फक्त ठरलेल्या तपासणी ठाण्यांवर घेता येते. मधल्या रस्त्यावर घरच्या माणसाने पाण्याची बाटली दिली तरी नियम मोडतो. काटव्याच्या वाटेवर कुणी तपासनीस नसतो. तरीही दुसरी पद्धत जास्त बरी पडते. मागे मोटार असली की चालवणाऱ्याचे लक्ष पुढच्या रस्त्यापेक्षा मागच्या गाडीवर जास्त राहते, आणि मोटारीत बसलेला माणूस ताशी अठरा किलोमीटरने जाऊन तासाभरात वैतागतो.

या वाटेवर ठाणी आयती मिळतात. हावडा ते काटवा लोहमार्ग भागीरथीच्या पश्चिम काठाने जातो आणि सप्तग्राम, त्रिवेणी, कालना, काटवा यांना जोडणारा रस्ता बहुतेक ठिकाणी त्याच्या शेजारून. हावड्यापासून रेल्वेने बांदेल सुमारे ४० किलोमीटर, अंबिका कालना ८२, नवद्वीप धाम १०५ आणि काटवा १४४. रेल्वेच्या आधाराने सायकल चालवण्याची कल्पना जुनी आहे. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन जोडपे १८९० च्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्थानात सायकलवर हिंडले. सामानसुमान मिळावे म्हणून ते शक्यतो लोहमार्गाच्या जवळपास राहत आणि सोय नसेल तिथे स्टेशनच्या प्रतीक्षालयात झोपत. त्यांच्या वाट्याला दिवसाला चाळीसपर्यंत पंक्चरे आली होती. त्या मानाने आजच्या टायरची एक-दोन म्हणजे काहीच नाहीत.

तयारी आदल्या संध्याकाळी होते. टायरमध्ये हवा भरणे, चेनला तेल देऊन जादा तेल फडक्याने टिपून घेणे आणि दोन्ही ब्रेक दाबून पाहणे हे बायकोचे काम. सायकलवर ती दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे चमचे, पान्यांचा लहान संच आणि दोन बाटल्या पाणी एवढेच ठेवते. बाकीचे नवऱ्याच्या पिशवीत जाते: तिसरी ट्यूब, कोरडे मोजे, बनियन, पातळ स्वेटर, मीठ-साखरेची पाकिटे, भाजलेले शेंगदाणे, गुळाच्या पोळ्या, पट्टी आणि मलम, सुटे पैसे. पिशवी भरताना वस्तू उलट्या क्रमाने ठेवाव्या लागतात. सर्वांत आधी लागणारी वस्तू सर्वांत वर हवी. हे पहिल्या फेरीत कुणालाच सुचत नाही. मग बांदेलच्या फलाटावर ट्यूब शोधताना पोळ्या, मोजे आणि मलम बाकड्यावर मांडून ठेवावे लागतात आणि आजूबाजूचे लोक विक्रेता समजून भाव विचारतात.

निघायची वेळ सूर्यावरून ठरते. पुणे आणि कोलकाता यांचे घड्याळ एक असले तरी सूर्य एक नाही. डिसेंबरच्या मध्यावर पुण्यात सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य कोलकात्यात पाचच्या आधीच मावळतो आणि सकाळी सव्वासहाच्या आत उगवतो. महाराष्ट्रातून नव्याने आलेला सायकलस्वार हमखास इथे फसतो. चारच्या चहाला त्याला वाटते अजून दोन तास उजेड आहे आणि पाऊण तासात दिवे लावायची वेळ येते. म्हणून पहाटे साडेचारला बाहेर पडायचे आणि साडेतीन-चारला पोचायचे असा हिशोब असतो.

पहाटेच निघण्याला शहराचेही कारण आहे. कोलकाता पोलिसांनी २००८ पासून मुख्य रस्त्यांवर सायकलला मनाई करायला सुरुवात केली. २०१३ मध्ये अशा रस्त्यांची यादी १७४ वर गेली होती, ती नंतर आखूड झाली. दूधवाले, पेपरवाले आणि कामावर जाणारे मजूर ज्या वाहनावर जगतात तेच शहराला अडचण वाटावे, हे काही या एकाच शहराचे वैशिष्ट्य नव्हे. पण ते इथे जितके रीतसर कागदावर आले तितके क्वचितच आले असेल. बागबाजारहून उत्तरेकडे बाहेर पडताना फार अडत नाही. गालिफ स्ट्रीटच्या बाजूला ट्रामचे रूळ लागले तर ते तिरके ओलांडायचे नाहीत, चाक काटकोनात न्यायचे. दवाने ओल्या रुळाच्या खाचेत पुढचे चाक एकदा बसले की हँडल वळत नाही आणि स्वार खांद्यावर पडतो. पुढे बी. टी. रोड, डनलप, दक्षिणेश्वर आणि बालीचा पूल. पुलावर गंगेचा वारा अंगाला झोंबतो आणि स्वेटर पिशवीत ठेवल्याचा पश्चात्ताप होतो. पिशवी त्या वेळी घरात, दाराशी असते.

बालीपासून ग्रँड ट्रंक रोड. उत्तरपाडा, कोन्नगर, रिश्रा, श्रीरामपूर ही गावे एकाला एक लागून येतात आणि मध्ये ताग गिरण्यांच्या लांबच लांब भिंती. श्रीरामपूर अंधारातच मागे पडते. इथे विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये मोडी टाइपातला मराठी कोश. मराठी छपाईचा आरंभ सांगताना हे गाव येतेच, पण त्या तासाला तिथे जागे असतात ते चहावाले आणि कुत्री. कुत्री मागे लागली तर वेग वाढवायचा नसतो. उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची आणि चालू लागायचे. चंदननगरच्या आसपास उजाडते.

नवरा तोवर घरातून निघालेला असतो. बागबाजार घाटावरून हावड्याला लाँच जाते आणि बेत आखताना तीच मनात असते, पण इतक्या लवकर टॅक्सीच धरावी लागते. हावड्याहून बांदेल लोकल तासाभराची. दिवसातली पहिली भेट साडेसातच्या सुमारास बांदेल स्टेशनबाहेर होते आणि ती दहा मिनिटांत आटोपायची असते. बाटल्या भरणे, ओला बनियन बदलणे, मातीच्या भाँड्यातून चहा, एक पोळी. या दहा मिनिटांत काय विचारू नये हे सोबत्याने शिकायचे असते. ‘दमलीस का?’ हा प्रश्न वर्ज्य. पंचेचाळीस किलोमीटर झालेले माणूस दमलेलेच असते आणि तसे तोंडाने म्हटले की ते खरे होऊन बसते. त्याऐवजी ‘शेवटचं कधी खाल्लंस?’ असे विचारावे. त्याला नेमके उत्तर असते आणि त्या उत्तरावरून पुढच्या दोन तासांचा अंदाज येतो.

खरी गुंतागुंत इथून सुरू होते. बांदेलपर्यंत लोकलची ददात नाही. पुढे काटव्याच्या फाट्यावर मात्र गाड्या विरळ आहेत आणि एक चुकली की बराच वेळ दुसरी नसते. सायकलला वेळापत्रक नसते, गाडीला असते. बायकोला उशीर झाला आणि नवरा तिच्यासाठी बांदेलला थांबला तर त्याची गाडी जाते आणि मग कालन्याला तीच त्याची वाट पाहते. न थांबता तो पुढे गेला तर बांदेलला ती कोरड्या बाटल्या घेऊन उभी. यावर एकच नियम चालतो. भेटीच्या जागेला जागा आणि वेळ दोन्ही ठरवायच्या, वेळ टळली की सोबत्याने गाडी धरून पुढच्या ठाण्यावर जायचे आणि मागे पाहायचे नाही. नियम सांगायला सोपा आहे. फलाटावर उभ्या गाडीत पाय टाकताना, मोबाइलवरचा तिचा ठिपका पंधरा मिनिटे एकाच जागी दिसत असताना, तो पाळणे अवघड आहे. ठिपका थांबला म्हणजे पंक्चर असेल, चहा असेल, नुसती रेंज गेली असेल. फोन करावासा वाटतो. चालत्या सायकलवर फोन वाजला की हात हँडलवरून सुटतो, म्हणून फोन करायचा तो तिनेच.

त्रिवेणी ओलांडली की गिरण्या संपून शेते लागतात आणि उत्तरेचा वारा समोरून येतो. हिवाळ्यात गंगेच्या खोऱ्यात वारा उत्तरेकडून वाहतो, म्हणजे बागबाजारहून काटव्याला जाणे ही वाऱ्याविरुद्धची दिशा झाली. शहाणा माणूस आदल्या दिवशी गाडीने काटव्याला जाऊन वारा पाठीवर घेत घरी येईल. हे दर वर्षी ठरते आणि दर वर्षी राहून जाते, कारण स्वतःच्या दारातून निघण्यात जी मजा आहे ती परक्या स्टेशनातून निघण्यात नाही. समोरच्या वाऱ्यात अंग आखडून, हँडलच्या खालच्या भागावर हात ठेवून, एक गिअर हलका टाकून पाय फिरते ठेवायचे आणि वेगाचा आकडा पाहायचा नाही. बालागडला रस्त्याच्या कडेला लाकडी होड्या बांधताना दिसतात, उलट्या घातलेल्या, फळ्यांच्या सांध्यांतून पलीकडचा उजेड दाखवणाऱ्या. थांबायला हे चांगले निमित्त असते.

गुप्तिपाड्याच्या आसपास पंक्चर झाले असे धरू. ट्यूब बदलणे पाच मिनिटांचे काम आहे; कारण शोधणे हे खरे. जुनी ट्यूब फुगवून कानाजवळ फिरवायची, वारा लागेल तिथे भोक. ते भोक व्हॉल्व्हपासून किती बोटांवर आहे हे मोजून टायरवर तीच जागा धरायची आणि टायरच्या आतून हलकेच बोट फिरवायचे. बहुतेक वेळा तिथे ट्रकच्या फुटक्या टायरमधून निघालेली केसाएवढी तार असते, बाहेरून न दिसणारी आणि आत टोक काढलेली. ती नखाने निघत नाही, चिमटा लागतो, आणि चिमटा नवऱ्याच्या पिशवीत असतो. मग रस्त्यावरच्या सायकलवाल्याकडे जावे लागते. तो परातीतल्या पाण्यात ट्यूब बुडवतो, बुडबुडा पाहतो, सोल्युशन लावून ठिगळ दाबतो आणि तेवढ्यात कुठून, कुठे, का आणि एकट्याच का, हे चारही विचारून घेतो. महाराष्ट्राचे नाव निघाले की हसून ‘बर्गी’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच. मुलांना निजवायच्या बंगाली गाण्यात बर्गी आहेत, तेव्हा हा शब्द त्याने शाळेच्याही आधी ऐकलेला असतो. नवरा पुढे कालन्याला थांबला आहे हे सांगितले की शेवटच्या प्रश्नाचे समाधान होते. ते इतके चटकन व्हावे याचे सायकलवर बसलेल्या बाईला वाईट वाटते आणि सोयही वाटते.

कालना हे दिवसातले सर्वांत महत्त्वाचे ठाणे. इथे पोचेपर्यंत सव्वादहा-साडेदहा होतात आणि अंगातला साखरेचा साठा संपत आलेला असतो. शरीर स्नायू आणि यकृत मिळून चार-पाचशे ग्रॅम साखर साठवते. काही न खाता सायकल रेटली तर ती काही तासांत उतरणीला लागते. मग पाय नुसते दुखत नाहीत, डोके बिथरते. हात थरथरतात, क्षुल्लक गोष्टीचा राग येतो, आपण कुठल्या गावात आहोत हे सांगायला वेळ लागतो. आपल्याला हे झाले आहे हे ज्याला झाले त्याला कळत नाही. समोरच्याला कळते, आणि तो समोरचा चेहरा ओळखणारा असावा लागतो. कालन्याला १८०९ मध्ये बांधलेली १०८ शिवमंदिरे दोन वर्तुळांत आहेत, बाहेर ७४ आणि आत ३४. त्यांच्याकडे पाहूनही सायकलवरची व्यक्ती काहीच बोलली नाही तर नवऱ्याने चर्चा न करता आधी साखर-मिठाचे पाणी, मग केळी, मग कुरमुऱ्यांवर वाटाण्याची गरम घुगनी असा क्रम धरावा आणि वीस मिनिटे भिंतीला टेकून बसू द्यावे. ‘आज इथंच थांबू’ हे वाक्य या वीस मिनिटांत दोघांनीही उच्चारायचे नसते. खाऊन झाल्यावर उच्चारले तर त्याला अर्थ असतो आणि तेव्हा ऐकायचेही असते.

वाट पाहणे हे काम आहे, आणि त्याची सवय करावी लागते. नवऱ्याने दिवसभरात साताठ तास स्टेशनावर काढलेले असतात. वही घेऊन बसणे उपयोगी पडते. ठाण्याचे नाव, पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, काय खाल्ले, काय म्हणाली. पहिल्या फेरीत हा उद्योग वेळ जावा म्हणून होतो. तिसऱ्या फेरीत त्याच वहीवरून कळते की कालन्याआधीच्या तासात ती नेहमी कमी खाते. वेदांगी कुलकर्णी ही पुण्याची मुलगी जगाभोवती सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवत डिसेंबर २०१८ मध्ये कोलकात्यात पोचली. त्यांतले बरेच किलोमीटर तिने सोबतीशिवाय काढले. तसे जाणाऱ्याला ही वही स्वतःच्या डोक्यात ठेवावी लागते, दमलेल्या डोक्यात.

कालन्याच्या पुढे धात्रीग्राम आणि समुद्रगड ही विणकरांची गावे. मागांचा खटखटाट रस्त्यावर ऐकू येतो आणि पेडलची लय नकळत त्याला लागून जाते. नवद्वीपला दुपारचे जेवण: भात, डाळ, भाजी, आणि मासा मोह आवरून अर्धाच, कारण पुढे अजून चाळीसेक किलोमीटर वारा आहे. हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा. त्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही आणि सायकलवरही त्या वेळी फारसे काही सुचत नाही. पूर्वस्थली, पाटुली अशी नावे येतात, जातात.

दाईंहाटला मात्र थांबायचे. १७४२ च्या शरदात भास्करपंतांनी इथे दुर्गापूजा मांडली होती. पूजा चालू असतानाच नवाब अलीवर्दी खानाच्या फौजेने रातोरात नदी ओलांडून छापा घातला आणि मराठ्यांना तळ सोडून पळावे लागले. दीड वर्षाने, मार्च १७४४ मध्ये, वाटाघाटींना बोलावून भास्करपंतांना मारण्यात आले. गावात आज हे सांगणारा माणूस हवा असेल तर चहाच्या टपरीवर विचारावे. टपरीवरचा जो सर्वांत म्हातारा, तो सांगतो. नवरा इथे गाडीतून उतरलेला असतो. बाकीचे आठेक किलोमीटर तो टोटोने, म्हणजे ई-रिक्षाने, सायकलच्या मागोमाग येतो, म्हणजे दिवसभर पाळलेला नियम शेवटी मोडतो. टोटोवाल्याला हळू चालवायला सांगितले की तो दुप्पट भाडे मागतो.

काटव्याला अजय नदी भागीरथीला मिळते. सायकल घाटापर्यंत नेऊन पुढचे चाक पाण्याला लावले जाते. तसे करायला कुणी सांगितलेले नसते. साडेतीन-पावणेचारला उन्हे तिरकी होतात. लॉजच्या खोलीत आधी सायकल आत, मग माणसे. चेन पुसणे, टायरमधले खडे काढणे आणि मोजे धुणे रात्रीच्या जेवणाआधी उरकायचे असते, कारण जेवल्यावर उठवत नाही. वहीतली शेवटची ओळ तिने सांगायची आणि त्याने लिहायची, आणि इथे बहुधा किलोमीटरच्या आकड्यावरून वाद होतो. तिच्या मीटरवर तो नेहमी थोडा जास्त असतो.

परतीची गाडी सकाळची. सायकलसाठी लगेजची पावती करून ती भेंडरच्या, म्हणजे मालवाल्या विक्रेत्यांच्या, डब्यात चढवली जाते, भाजीच्या टोपल्या आणि छेन्याच्या गाठोड्यांशेजारी. नवरा तिच्याजवळ उभा राहतो, हात सीटवर ठेवून. बायको शेजारच्या डब्यात खिडकीशी बसते आणि दाईंहाट यायच्या आत झोपते.